जुनी दुचाकी घरच्या घरी, कमी पैशांत रंगवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांची चेतक स्कूटर मी गोव्यात, फोंड्याला आमच्या घराच्या पडवीत दोनदा रंगवली. पहिल्यांदा गणेशचवथीच्या तोंडावर, घाईघाईत, आणि ते सगळं काम वाया गेलं. दुसऱ्यांदा डिसेंबरात, तो रंग अजून टिकून आहे. तेव्हापासून कुणा ना कुणाच्या गंजक्या स्कूटरचे फोटो मोबाइलवर येत असतात. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून ते इथे एका जागी घातले आहेत. उत्तरं दुचाकी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. चारचाकीवाल्यांनी आधी १६ वा प्रश्न पाहावा.

१. घरी रंगवलेली गाडी लगेच ओळखू येते ना? मग एवढी मेहनत कशाला?

जवळ जाऊन बोट फिरवणाऱ्याला ओळखू येते. कारखान्यात रंग भट्टीत भाजून पक्का करतात, आपल्याकडे फक्त ऊन आणि धीर. तरी चार हातांवरून गाडी नीटनेटकी, एकसारखी दिसावी इतकं काम घरी नक्की होतं. शिवाय आपल्याकडे रंग हा दिसण्यापुरता नसतो. मोरजी-मांद्र्याकडे खारा वारा, डिचोली-सत्तरीकडे लाल धूळ आणि चिखल, आणि सगळीकडे चार महिने पाऊस. उघडा पडलेला पत्रा एका पावसाळ्यात लालभडक होतो. गाडी आणखी पाचेक वर्षं वापरायची असेल तर पत्रा झाकणं हेच मोठं काम, चमक त्यानंतरची.

२. एकूण खर्च किती येतो?

रोलरने एनॅमल लावलं तर स्कूटरला दोन हजारांच्या आसपास. माझ्या वहीतला हिशोब असा: एक लीटर एनॅमल चारशे, टर्पेंटाइन दोनशे, प्रायमर दोनशे, पॉलिस्टर पुट्टीचा डबा तीनशे, वेगवेगळ्या नंबरचे वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचे घासकागद; नंबर मोठा तितका कागद बारीक) मिळून तीनशे, चार इंची फोमचा रोलर आणि त्याची जादा रिफिलं दोनशे, मास्किंग टेप शंभर, गंज काढायचं द्रावण दीडशे. दुकानाप्रमाणे पन्नास-शंभर रुपये इकडेतिकडे होतील. पत्र्याला वेल्डिंग लागलं तर ते वेगळं.

पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, वॉटर पेपरात वाचवू नका. झिजलेला पेपर नुसता पत्र्यावरून फिरतो, कापत नाही, आणि घासून घासून माणूस कंटाळतो. रंग अर्धा लीटर पुरतो, पण लीटर घ्यावा. तो का, हे शेवटच्या प्रश्नात सांगितलं आहे.

३. एनॅमल, एनसी, पीयू की स्प्रेचे डबे? दुकानदार दर वेळी वेगळंच सांगतो.

दुकानदार त्याच्याकडे जे असतं ते सांगतो.

एनॅमल म्हणजे खिडक्या-ग्रिलला लावतात तोच तेलाचा रंग. अॅपकोलाइट, लक्सोल वगैरे. सावकाश सुकतो, पण ब्रशने किंवा रोलरने लावता येतो आणि स्वतःहून सपाट बसतो. कॉम्प्रेसर नसलेल्या माणसाला हाच सोयीचा. दोष दोन: उन्हात काही वर्षांनी चमक मरते, आणि पेट्रोल सांडलं की मऊ पडतो.

एनसी (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे जुने पेंटर ज्याला ड्युको म्हणतात, काही मिनिटांत सुकतो. धूळ बसायला वेळच मिळत नाही आणि चूक झाली तर घासून पुन्हा मारता येतो. पण त्याला फवाऱ्याची गन लागते, आणि दमट हवेशी त्याचं वैर आहे (प्रश्न १२).

पीयू (पॉलियुरेथेन) सगळ्यांत टिकाऊ. चमक पाण्यासारखी, पेट्रोलला दाद न देणारी. तरीही घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये (रंग कडक व्हायला जे मिसळतात त्यात) आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा फुफ्फुसात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. कापडी किंवा कागदी मास्क इथे कामाचा नाही. पीयूच हवा असेल तर घासणं, गंज काढणं, पुट्टी, प्रायमर हे सगळं घरी करा आणि शेवटचे हात मारायला सुटे भाग पेंटरकडे न्या. तयार भाग घेऊन गेलात तर मजुरी बरीच कमी होते.

स्प्रेचे डबे मडगार्ड, साइड पॅनेल, हेडलाइटची कड अशा लहान कामाला उत्तम. अख्खी स्कूटर डब्यांनी करायला गेलात तर डब्यांची संख्या वाढते आणि खर्च रोलरच्या दुप्पट होतो.

४. गोव्यात रंगवायला कुठला महिना बरा? चवथीआधी होईल का?

चवथीआधी नको. मी केलं ते सांगतो. ऑगस्टात दोन दिवस उघडीप मिळाली म्हणून एका मित्राची गन आणून एनसी मारला. रंग ओला असेपर्यंत सुंदर काळाभोर होता. चहा पिऊन आलो तर सगळ्या गाडीवर राखेसारखी पांढुरकी झाक. माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायचं सोडून मी तिसऱ्या दिवशी तो रंग घासून काढत होतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. तेव्हाही सकाळी पत्रा दवाने ओला असतो. हात लावून ओला लागला नाही तरी थंड पत्र्यावर ओल असतेच. सकाळी दहापर्यंत गाडीला ऊन खाऊ द्या, मग ती सावलीत घ्या, रंग लावा आणि चारच्या आत हात धुवा. तिन्हीसांजेला लावलेला रंग रात्रीच्या दवात मंद पडतो. कडक उन्हात थेट रंगवणंही चूक: वरची साय लगेच सुकते, आतला द्राव अडकतो आणि फोड येतात.

मार्च-एप्रिल चालतो, पण दुपारचा समुद्रावरचा वारा लाल माती उडवतो. आणि आंब्याखाली रंगवू नका. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे ओल्या रंगावर येऊन बसतात, त्यांचा चिकट मध गाडीवर ठिबकतो तो वेगळाच.

आणखी एक, हवामानाशी संबंध नसलेलं. मे महिन्यात गन चालवणार असाल तर अंगणात सोलां (कोकमाची सालं) वाळत घातली आहेत का ते बघा. फवारा वाटतो त्यापेक्षा लांब जातो. आमच्या घरी यावर अजून बोलणी खावी लागतात.

५. गाडी किती सुटी करावी लागते? मला इंजिन खोलता येत नाही.

इंजिनाला हात लावायची गरज नाही. सीट, आरसे, दिवे, नंबर प्लेट, साइडची झाकणं, पायदानावरच्या रबराच्या पट्ट्या, पुढचा मडगार्ड निघत असेल तर तो, एवढं काढा. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोटो घ्या आणि त्याचे स्क्रू त्याच भागाला टेपने चिकटवा. सगळे स्क्रू एका डब्यात टाकणाऱ्याकडे शेवटी तीन उरतात.

जे निघत नाही ते झाका. कडेला मास्किंग टेप, बाकी जुनी वर्तमानपत्रं. पण वर्तमानपत्र दुहेरी लावा. एका कागदातून थिनर झिरपतो आणि छपाईची शाई खालच्या भागावर उमटते. टेप रंग पुरता कडक व्हायच्या आत, तिरका ओढून काढायचा. आठवडाभर उन्हात ठेवलेली टेप निघता निघत नाही.

६. जुना रंग पूर्ण काढून पत्रा उघडा करायचा का?

नाही. कारखान्याचा जुना रंग घट्ट बसलेला असेल तर त्याच्याइतका चांगला पाया घरी तयार होत नाही. तो ३२० नंबरच्या पेपरने खरवडून निस्तेज करा, की नवा रंग धरतो. फक्त जिथे पापुद्रे सुटलेत, फुगे आलेत किंवा कडेने गंज आत शिरलाय तिथे पत्र्यापर्यंत जा. घट्ट रंग आणि उघडा पत्रा यांच्यामधली पायरी डोळे मिटून बोटाला लागणार नाही इतकी उतरती करा. बोटाला लागली ती रंगानंतर दिसणारच.

जुना रंग घासायचा तो नेहमी पाणी लावून. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली. त्याआधी कुणी गाडीला घरचा रंग फासला असेल तर त्यात काय होतं देव जाणे. कोरडं घासून ती धूळ घरात, पोरांच्या नाकात नको.

७. गंज घासला, रंग लावला, पण सहा महिन्यांत तिथेच परत फुगला. असं का?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच.

गंज म्हणजे लाल भुकटी एवढंच नसतं. पत्र्याला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि त्यांच्या तळाशी मीठ बसतं. वरून पत्रा चकचकीत झाला तरी मीठ तिथेच असतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि रंगाखाली गंज पुन्हा सुरू होतो. किनारपट्टीच्या गाड्यांना हे हमखास होतं, आणि उन्हाळ्यात वाळूवरून गाडी घरी आणून तशीच उभी करणाऱ्यांना तर होणारच.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी गाडी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, मडगार्डच्या आतून आणि खालूनसुद्धा. सैल गंज तारेच्या ब्रशने काढा, मग ८० आणि १२० चा पेपर. त्यानंतर फॉस्फोरिक अॅसिडचं गंज काढायचं द्रावण डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ लावून ठेवा, प्लॅस्टिकच्या ब्रशने खड्ड्यांत घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला. पुसा, उन्हात ठेवा, आणि त्याच दुपारी प्रायमर लावा. दुपारी उघडा केलेला पत्रा आपल्या हवेत दुसऱ्या सकाळपर्यंत पिवळा पडलेला असतो. एका दिवसात जेवढ्याला प्रायमर लावता येईल तेवढंच उघडं करा. आज पुढचा भाग, उद्या डावी बाजू.

चेतकचं पायदान ही खास जागा. रबराच्या पट्ट्यांखाली पावसाचं पाणी आणि माती महिनोन्महिने ओलसर राहते. मी पट्ट्या उचलल्या तेव्हा वरून रंग शाबूत होता. स्क्रूड्रायव्हरने जरा टोचलं, तर तो मऊ पापडात गेल्यासारखा आरपार गेला आणि खालची फरशी दिसली. तुमच्या गाडीच्या पट्ट्या न उचलता रंगवायला बसू नका.

८. भोक पडलंच आहे. एम-सील किंवा पुट्टी भरून भागेल?

शोभेच्या भागात, म्हणजे साइडच्या झाकणाला किंवा मडगार्डच्या टोकाला, मागून फायबरची जाळी आणि रेझिन लावून भागतं. पायदान, सीटखालचा भाग, शॉकअॅब्सॉर्बरच्या आसपासचा पत्रा इथे नाही. चेतकसारख्या स्कूटरला वेगळी चौकट नसते. पत्र्याचं अंग हीच चौकट. तिथे वेल्डरकडून तुकडा बसवून घ्या. पुट्टी ओल शोषते. भोकावर पुट्टी म्हणजे मागून पाणी पिणारा स्पंज झाला.

वेल्डिंगला देण्यापूर्वी पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत वाफ असते.

९. पुट्टी कुठली आणि किती लावायची?

पोचे, खोलगट भाग यांना पॉलिस्टर पुट्टी, तीही खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर किंवा इपॉक्सी प्रायमरवर. रेड ऑक्साइडवर ती लावली तर खालचा थर उचलते. प्रमाण: लिंबाएवढ्या पुट्टीला वाटाण्याएवढा हार्डनर. आपल्या उन्हात चार-पाच मिनिटांत घट्ट होते, म्हणून एकदम वाटीभर कालवू नका. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकतं खरं, पण पुढे त्याचा डाग रंगातून वर येतो. ही पुट्टी कोरडीच घासा, तोंडाला मास्क बांधून, कारण ती पाणी धरते. घासली की लगेच प्रायमरने झाका.

केसांसारखे ओरखडे आणि टाचणीची भोकं यांना ट्यूबमधली एनसी पुट्टी पुरते. तिचा जाड थर देऊ नका. महिनोन्महिने आकसत राहते.

१०. प्रायमर वगळला तर काय बिघडतं? रंगाच्या डब्यावर तर “थेट लोखंडावर” असं लिहिलंय.

ग्रिलला चालेल. गाडीला वगळू नका. एनॅमलखाली रेड ऑक्साइड स्वस्त आणि पुरेसा. चार पैसे असतील तर दोन भागांचा इपॉक्सी घ्या, तो ओल जास्त चांगली अडवतो. प्रायमर सुकला की ४०० ने हलका घासायचा. प्रायमर लावून गाडी पावसाळाभर तशीच ठेवणाऱ्यांना मात्र दंडवत: साधा प्रायमर सच्छिद्र असतो, ओल त्यातून खाली जाते.

११. रोलरने गाडी रंगवतात हे ऐकून हसू येतं. नेमकं कसं करतात?

हसू द्या. कृती सोपी, फक्त वेळखाऊ आहे.

एनॅमल गाळून घ्या. जुन्या नायलॉनच्या मोज्यातून छान गळतं. त्यात टर्पेंटाइन थोडं थोडं घालत दुधाइतकं पातळ करा. रॉकेल घालू नका, ते तेलकट राहतं आणि रंग आठवडाभर चिकटतो. फोमचा बारीक छिद्रांचा रोलर घ्या, लोकरीचा नको. रोलर बुडवून ट्रेच्या कडेवर निथळा आणि हलक्या हाताने एकदा उभा, एकदा आडवा फिरवा. बुडबुडे येतील, घाबरू नका. पाठोपाठ मऊ ब्रशचं नुसतं टोक किंवा जवळजवळ कोरडा रोलर अलगद फिरवला की ते फुटतात. मग हात मागे घ्या. दिसलेली खोट पुसायला परत जाण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि रंग तिथेच बिघडतो.

पहिला हात बघून तुम्हाला रडू येईल. खालचा प्रायमर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो आणि गाडी आधीपेक्षा वाईट दिसते. तसंच दिसायला हवं. एक हात सकाळी उशिरा लावला की दुसरा दुसऱ्या दिवशी. हवा कोरडी असेल तर दिवसाला दोन होतात, पण नखाने दाबून खूण पडत असेल तर थांबा. अर्धवट सुकलेल्या एनॅमलवर नवा हात दिला की खालचा सुरकुततो. दोन हात झाले की ६०० चा पेपर पाण्यात भिजवून, साबणाचा थेंब घालून, हलकं घासा. पृष्ठभाग सगळा एकसारखा मंद झाला पाहिजे. चमकणारा ठिपका म्हणजे तिथे खळगा. पुन्हा दोन हात, पुन्हा घासणं. पाचव्या-सहाव्या हाताला गाडी गाडीसारखी दिसू लागते.

कडांवर रोलर आणि पेपर दोन्ही सांभाळून. तिथे रंग आपोआप पातळ बसतो आणि घासताना पहिला तोच जातो.

रंग फिका निवडा. पांढरा, क्रीम, फिका निळा हे पत्र्याचे चढउतार लपवतात. काळा प्रत्येक पोचा ओरडून सांगतो. मेटॅलिक रोलरने होत नाही. त्यातले चमकणारे कण पट्ट्यांनी गोळा होतात.

१२. रंग पांढुरका पडला / सुरकुतला / त्यावर डोळे पडले / ओघळ आले. आता?

पांढुरका: हा एनसीचा आजार. त्याचा थिनर इतक्या वेगाने उडतो की पत्रा थंड पडतो आणि हवेतली ओल ओल्या रंगावर धरते, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून धरते तशी. कोरड्या दिवशी वरून नुसत्या सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा मारला तर कधी कधी झाक विरते. नाही विरली तर घासा.

सुरकुत्या: खाली एनॅमल, वर एनसी किंवा नुसता एनसी थिनर पडला, किंवा एनॅमलचे दोन हात फार घाईने दिले. उपाय एकच, पूर्ण सुकू द्यायचं आणि तेवढा भाग खरवडून काढायचा. उलटा क्रम, म्हणजे सुकलेल्या एनसीवर एनॅमल, चालतो. आधीच्या मालकाने काय मारलंय हे कळत नसेल तर कापसाला एनसी थिनर लावून कोपऱ्यात चोळा. रंग विरघळून कापसाला लागला तर एनसी, फुगला-सुरकुतला तर एनॅमल, काहीच झालं नाही तर भट्टीचा किंवा पीयू.

डोळे, म्हणजे रंग मागे सरून पडलेली गोल भोकं: खाली सिलिकॉन पॉलिश किंवा तेलकटपणा राहिला. भांड्यांच्या साबणाने धुऊन, सुकवून, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून मगच रंग. (फेणीने पुसलं तर चालेल का, असं दोघांनी विचारलं. तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. पिणाऱ्याला द्या.)

ओघळ: ओला असताना बोट लावू नका. दोन-तीन दिवसांनी लाकडाच्या ठोकळ्यावर पेपर गुंडाळून तेवढाच उंचवटा घासा.

१३. स्प्रेचा डबा वापरताना काय सांभाळू?

गोळी वाजायला लागल्यावर दोन मिनिटं हलवा. वीतभर अंतर. बटण भागाच्या बाहेर दाबायचं आणि बाहेरच सोडायचं, म्हणजे कडेला ढेकूळ जमत नाही. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा. पहिला हात नुसता शिंतोड्यासारखा. काम झालं की डबा उलटा करून हवा येईपर्यंत फवारा, नाहीतर पुढच्या वेळी तोंड बंद.

१४. प्लॅस्टिकचे भाग कसे रंगवायचे? आणि टाकी, सायलेन्सर?

प्लॅस्टिकवर एनसी थिनर ओतून पुसू नका, एबीएस जातीचं प्लॅस्टिक त्यात चिकट होतं. साबणाने धुवा, ६०० ने मंद करा, प्लॅस्टिकचा प्रायमर लावा, मग रंग. मेणासारखं लागणारं काळं प्लॅस्टिक पॉलिप्रॉपिलीन असतं. त्यावर खास प्रायमरशिवाय रंग धरत नाही. मी ते काळंच ठेवतो.

मोटरसायकलच्या टाकीला एनॅमल लावलं तर झाकणाभोवती पेट्रोल सांडताच पुसायची सवय लागेल. नसेल लागणार तर फक्त टाकी पीयूला द्या.

सायलेन्सरला उष्णता सोसणारा सिलिकॉनचा काळा रंगच. इंजिनाच्या पंखांना काहीही लावू नका. ते इंजिनाची उष्णता बाहेर सोडायला आहेत.

१५. वास, आग, उरलेला थिनर, याचं काय?

पडवी किंवा मांगर (घराबाहेरची शेड), दोन्ही बाजूंनी वारा खेळता. जवळ चूल, गॅस, देव्हाऱ्यातली समई पेटलेली नको. गन वापरणार असाल तर कोळशाच्या गाळणीचा मास्क. धुळीच्या मास्कातून थिनरची वाफ थेट जाते.

एनॅमलने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्यातलं तेल सुकताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. दोरीवर पसरून कडक होऊ द्या, मग टाका. उरलेलं टर्पेंटाइन बरणीत ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं पुन्हा ब्रश धुवायला चालतं. ते आणि घासण्याचं पाणी विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात कधीच ओतू नका. गोव्यात बहुतेकांची विहीर घरापासून वीस पावलांवर असते.

१६. हीच रीत जुन्या मारुती ८०० ला चालेल?

चालते. रंग दोन ते तीन लीटर धरा आणि दिवस दुप्पट. एका वेळी एकच भाग घ्या, दारापासून दारापर्यंत. दाराच्या मधोमध थांबलात तर जोड दिसतो. छपरापासून सुरुवात करा, तिथे हात बसतो आणि चुका कुणाला दिसत नाहीत. चाकांच्या वरची आतली कड आणि दारांची खालची कड आधी टोचून बघा. दारांच्या तळाची पाणी जायची छिद्रं पुट्टीने बुजवू नका. ही चूक मी एका नातलगाच्या गाडीत पाहिली. पावसात दार हलवलं की कळशीसारखं वाजायचं.

१७. रंग बदलला तर आरटीओला कळवावं लागतं का?

तोच रंग पुन्हा लावला तर नाही. रंग बदलला तर हो, कारण आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो आणि गाडी त्याच्याशी जुळली पाहिजे. रंगवण्याआधीच आपल्या तालुक्याच्या वाहतूक कार्यालयात विचारून अर्ज करा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही विचारा. विमा कंपनीला कळवलेलं बरं.

ऑलिव्ह ग्रीन नको. तो सैन्याच्या वाहनांसाठी राखीव आहे, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं लिहिलंय. आणि काळ्या मोटरसायकलला पिवळा मडगार्ड हौस म्हणूनही लावू नका. गोव्यात ती पायलटची, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याची, खूण आहे; स्टँडवर तुमच्याशी वाद घालतील आणि वाटेत लोक हात करतील.

१८. पंधरा वर्षं होत आली. आधी रंगवू की आधी नोंदणीचं नूतनीकरण?

आधी रंगवा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. गंजून लोंबणारा मडगार्ड घेऊन तपासणीला जाण्यात शहाणपण नाही. पण रंग बदलत असाल तर १७ वा प्रश्न आधी वाचा.

आणि चासी नंबर! पत्र्यावर ठोकलेला हा नंबर तपासणीत वाचावा लागतो, त्याची पेन्सिलने छापही घेतात. त्यावर तारेचा ब्रश जोरात चालवू नका, पुट्टी लावू नका, सहा हात एनॅमल तर मुळीच नको. टेप लावून झाका आणि शेवटी तिथे एकच पातळ हात द्या. एका ओळखीच्याला काउंटरसमोर चाकूने रंग खरवडत बसावं लागलं होतं.

१९. अर्धं काम झालं आणि अवकाळी पाऊस आला. सगळं वाया?

कुठल्या पायरीवर आलात त्यावर आहे. उघडा पत्रा भिजला तर पुन्हा घासा, पिवळी झाक दिसली नाही तरी. पुट्टी भिजली तर दोन दिवस कडक ऊन देऊन मगच पुढे. प्रायमर भिजला तर सुकवून ४०० फिरवा. एनॅमल चार-सहा तासांनी हाताला सुकलेलं असताना थेंब पडले तर फक्त ठसे उठतात, ते पुढच्या घासण्यात जातात. ओलं असताना पडले तर पुसायला जाऊ नका. तसंच सुकू द्या.

२०. रंगवून झाल्यावर गाडी कधी चालवू, कधी धुऊ, कधी पॉलिश करू?

भाग दोन-तीन दिवसांनी जोडा, स्क्रूखाली वॉशर घालून. चालवा आठवड्याने. महिनाभर साबण नको, पावसाळी कव्हर तर अजिबात नको. कव्हर नव्या एनॅमलला चिकटतं आणि त्याचं विणकाम गाडीवर उमटतं. महिन्याने १५०० आणि २००० च्या पेपरने पाण्यात घासून, रबिंग कंपाउंड आणि मग पॉलिश. घाई केली तर कंपाउंड मऊ रंग उचलून फडक्यावर आणतो.

२१. पुढे ओरखडा पडला तर तोच रंग मिळेल का?

दुकानात तोच नंबर मिळतो, पण एका ओरखड्यासाठी पुन्हा डबा कशाला घ्या? म्हणूनच लीटर घ्यायला सांगितलं. गाडी तोवर उन्हाने उतरलेली असते, थोडा फरक दिसणारच. उरलेला रंग लोणच्याच्या लहान बरणीत अगदी काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा राहत नाही. झाकण घट्ट लावून बरणी उलटी ठेवा. साय धरली तरी ती तळाकडे धरते, सरळ केल्यावर रंग वर मोकळा मिळतो. बरणीवर रंगाचं नाव आणि तारीख लिहा, आणि ती लोणच्याच्या फळीवर ठेवू नका.